हळदीची सुपारी

आमच्या आजीच्या हिशेबी या जगात गाणारे दोनच. एक ती स्वतः आणि दुसरे प्रल्हाद शिंदे. लताबाईंचं नाव काढलं की ती मान डोलवायची, "ग्वाड हाय, ग्वाड हाय" म्हणायची आणि मग हळूच शेरा मारायची, "पन तिच्या गल्यात चुलीचा धूर नाय गेला कवा." आजीच्या गळ्यात तो भरपूर गेला होता. आजी म्हणजे आईची आई. पनवेलच्या खाडीपलीकडं, उलव्याच्या डोंगराच्या अंगाला तिचं घर. भातशेती, मिठागरं, ओहोटीला चिखलातून निवटी आणि चिंबोऱ्या काढणं, आणि लग्नसराई लागली की आजूबाजूच्या गावांतून बोलावणी. ती धवलारीण होती.

आगरी-कोळ्यांकडं पूर्वी धवलारणीवाचून लग्न लागत नसे. मांडवाला उंबराची फांदी बांधण्यापासून घाणा भरणं, तेल लावणं, हळद चढवणं, वरात दारात येणं, या प्रत्येकाचं गाणं वेगळं आणि ते हिच्या तोंडात. पुस्तकात काही नाही. सासूकडून सुनेकडं, चुलतीकडून पुतणीकडं आलेलं. महानुभावांच्या महदाईसेनं तेराव्या शतकात कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले, हे आम्ही शाळेत शिकलो. मी मोठ्या उत्साहानं आजीला सांगितलं की, तू गातेस ते सातशे वर्षांपूर्वीचं आहे. ती म्हणाली, "आसंल. आमची आजीसासू लई म्हातारी व्हती."

ती मांडवाच्या मेढीला टेकून बसायची. शेजारी दोघी झेलणाऱ्या. ही ओळ टाकणार, त्या उचलणार. गाणं किती वेळ चालायचं? हळद संपेपर्यंत. मध्येच कुणी रुसलेला मामा आला, तर त्याचं नाव गुंफून दोन कडवी जास्त. नवऱ्या मुलीच्या आत्यानं मानाचं लुगडं हलकं आणलं असेल, तर तेही गाण्यात यायचं आणि आत्याबाई तोंडाला पदर लावून बसायच्या. मोबदला काय, तर सुपातले तांदूळ, नारळ, खण, पानसुपारी, आणि जेवणाचं पान सगळ्यांच्या आधी. रोख पैसे फार पुढं आले. सव्वा रुपया, मग पाच, मग अकरा. हे आकडे आजीचे. ती ते सांगताना दर वेळी थोडे इकडचे तिकडं करायची, त्यामुळं त्यांच्यावर कुणी शोधनिबंध लिहू नये.

आजोबा मात्र तबकडीच्या बाजूचे. पनवेलात तेव्हा भातगिरण्या होत्या आणि त्यातल्या एकीत ते वजनकाट्यावर बसायचे. रविवारी घरी येताना एखादी बातमी हमखास आणायचे, की अमक्याकडं हळदीला मशीन लागणार. मशीन म्हणजे बॅटरीवरचा ग्रामोफोन आणि आंब्याच्या झाडाला बांधलेला कर्णा. मशीनवाल्याचा रुबाब नवरदेवापेक्षा जास्त. तो सुई बदलायला लागला की पोरं श्वास धरून बसायची, असं आई सांगते. आजीला ती तबकडी पसंत नव्हती. तिची तक्रार साधी होती. ते गाणं तीन मिनिटांत संपतं आणि हळद अजून कोपरापर्यंतच पोचलेली असते.

त्या तक्रारीत रेकॉर्डच्या धंद्याचा अर्धा इतिहास होता हे मला फार उशिरा कळलं. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचंच गाणं मावायचं. मग रात्रभर चालणाऱ्या धवल्याला, गोंधळाला, कव्वालीला कात्री लागायचीच. मुखडा, दोन अंतरे, मध्ये क्लॅरिओनेटचा तुकडा, संपलं. मुंबईत गायचं, रेकॉर्ड कंपनीच्या कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात तबकडी छापायची आणि तिथून रेल्वेनं ती परत आमच्याकडं यायची. आमच्या खाडीचं गाणं बंगाल फिरून पनवेलला पोचायचं. आजोबांना याचं मोठं कौतुक. आजी म्हणायची, "मंग हतं मीच गाते की, भाडं तरी वाचंल."

कोळीगीत नावाचा जो माल पुढं बाजारात आला तो या तबकड्यांनीच घडवला. 'मी डोलकर' लिहिणाऱ्या शांताबाई शेळके इंदापूरच्या, म्हणजे समुद्रापासून चांगल्याच दूरच्या. चाल हृदयनाथांची, आवाज लताबाई आणि हेमंतकुमारांचा. गाणं मात्र असं जमलं की आमच्या कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांनाही ते आपल्या आज्याचं वाटायला लागलं. शाहीर विठ्ठल उमपांचा जन्म मुंबईत नायगावचा, पण त्यांचं कोळीगीत लागलं की आजी हातातलं काम ठेवायची. उमपांना ती गवयांत धरत नसे, "तो आपल्या घरातला" म्हणायची. ही तिची सर्वांत वरची पायरी असावी.

आता प्रल्हाद शिंदे. जन्म १९३३ चा, मंगळवेढ्याचा. आई-वडील भजन-कीर्तन गात गावोगाव फिरायचे आणि हा धाकटा मुलगा त्यांच्याबरोबर. शाळा अशी नाही. ऐकलं ते पाठ. पुढं मुंबईत इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत ते कोरसला उभे राहिले. १९५८ च्या 'अल हिलाल' सिनेमातली जी कव्वाली देशभर गाजली, ती याच इस्माईल आझादांची. तिथं शिंद्यांचा गळा तयार झाला. वरच्या पट्टीत नेऊन आवाज न फाटता धरून ठेवायचा, माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला शब्द कळला पाहिजे, आणि समोरची पार्टी सवाल टाकते आहे तोवर आपला जवाब तयार पाहिजे. हे रियाजाच्या खोलीत येत नाही. ते रस्त्यावर, पेट्रोमॅक्सच्या उजेडात येतं.

आजोबांचा दावा असा की, त्यांनी शिंद्यांना अगदी सुरुवातीला ऐकलं. कुठं? कधी कल्याण म्हणायचे, कधी मुंबईतली डिलाइल रोडची चाळ, आणि एका दिवाळीत तर त्यांनी तो मुकाबला थेट पनवेलच्या उरण नाक्यावर आणून ठेवला. स्थळ बदलायचं, पण तपशील पक्का असायचा. पहाटे तीनच्या सुमारास समोरच्या कव्वालाचा आवाज बसला, आणि शिंद्यांनी पेटीवाल्याला खूण करून पट्टी आणखी अर्ध्या सुरानं वर चढवली. हे सांगताना आजोबा स्वतः मान वर करायचे. खरं किती हे विचारण्याची घरात कुणाची छाती नव्हती, आणि आता विचारायला ते नाहीत.

पुढं कॅसेटच्या काळात पनवेलच्या दोन टोकांना एकच आवाज ऐकू यायचा, हे मात्र माझं स्वतःचं ऐकणं आहे. १४ एप्रिलला भीमजयंतीच्या मंडपात शिंद्यांची भीमगीतं, आषाढीला विठ्ठलाच्या देवळापुढं त्यांचाच पंढरीचा अभंग, आणि श्रावणात घरोघरी पूजा आटपल्यावर 'ऐका सत्यनारायणाची कथा'. भटजी येण्याआधीच कॅसेट लावून अर्धी कथा उरकलेली असायची. बाबासाहेबांचं आणि पांडुरंगाचं गाणं एकाच गळ्यातून, दोन्हीकडं तितक्याच जीव तोडून. आमच्या वाड्यात कुणाला त्यात काही वावगं वाटलेलं मी पाहिलं नाही. एरवी ज्या घरांचं एकमेकांच्या ओट्यावर पाणी चालत नव्हतं, त्या घरांतही कॅसेट तीच होती. माझ्या मते महाराष्ट्रात या माणसाची जी नोंद व्हायला हवी होती ती झाली नाही. संगीताच्या मैफलींचे इतिहास लिहिणाऱ्यांना तो लोकगायक वाटला आणि लोककलेच्या अभ्यासकांना तो बाजारातला वाटला. मधल्या मध्ये राहिला.

कॅसेट आली आणि सगळा खेळ बदलला. तबकडी छापायला कारखाना लागतो, कॅसेट भरायला एक खोली पुरते. दिल्लीच्या दर्यागंजात ज्यूसच्या दुकानावर वाढलेल्या गुलशनकुमारांनी १९८३ मध्ये टी-सिरीज काढली. मग व्हीनस आली आणि पाठोपाठ मुंबईच्या गल्लीबोळातल्या कितीतरी छोट्या कंपन्या. आधी काय छापायचं हे एक कंपनी ठरवायची. तिला देशभर खपेल असा माल हवा असायचा. आता पाच-सहा हजार प्रती खपतील अशी एखाद्या जत्रेची, एखाद्या देवीची, एका तालुक्याच्या बोलीतली कॅसेटही परवडायला लागली. एकवीरेची गाणी, हळदीची गाणी, आगरी पोवाडे, सगळ्यांना अचानक बाजार मिळाला. अर्धा तास ही बाजू, अर्धा तास ती. आजीची तीन मिनिटांची तक्रार मिटली.

आमच्या मामानं याच सुमाराला एसटी स्टँडच्या बाहेर टपरी टाकली. पुढं विकायच्या कॅसेटी, मागं पडद्याआड मनीष मार्केटातून आणलेला डबल डेक आणि बाहेर पाटी: 'आपल्या आवडीची गाणी भरून मिळतील.' गिऱ्हाईक वहीच्या कागदावर यादी द्यायचं आणि दोन दिवसांनी कोऱ्या कॅसेटमध्ये ती गाणी घेऊन जायचं. हे कायद्यात बसत नव्हतं, हे मामाला ठाऊक होतं. सगळ्या महाराष्ट्रातल्या सगळ्या मामांना ठाऊक होतं. पनवेल म्हणजे नाक्याचं गाव. पुण्याकडं जाणारा रस्ता इथून, गोव्याकडं जाणारा इथूनच सुटतो. ट्रकवाले चहाला थांबायचे, कॅसेट ऐकून बघायचे, आणि चार घेऊन जायचे. मामा म्हणायचा की एखादं गाणं चालणार की नाही हे मुंबईच्या कंपनीआधी त्याला कळतं, कारण क्लीनर पोरगं ते गुणगुणत टायर तपासायला लागतं.

त्याच्या टपरीवरून गायकाचं वर्ष कसं चालतं ते मला समजलं. पंचांग वेगळंच. चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेची यात्रा, त्यासाठी पालखीची गाणी फाल्गुनात बाजारात हवीत. मग जयंती. मग लग्नसराई. आषाढीआधी विठ्ठल, नारळी पौर्णिमेआधी कोळीगीत, श्रावण सरता सरता गणपती, लगेच देवी. स्टुडिओत गाणारा माणूस भर उन्हाळ्यात बाप्पाला निरोप देत असतो आणि पावसाळ्यात गरब्याचा ठेका धरत असतो. एक कॅसेट उशिरा आली तर वर्ष गेलं. आठ गाणी एका दिवसात उरकायची, कारण स्टुडिओचं भाडं तासावर. ढोलकीवाला, कोरसच्या चार बायका, सिंथेसायझरवाला, सगळे एकदमच वाजवायचे, आणि एकाचं चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

अशा बाजारात ऐंशीच्या दशकात आनंद शिंदे यांचं 'नवीन पोपट हा' आलं. प्रल्हाद शिंद्यांचा मुलगा, जन्म १९६५ चा, गीत मानवेल गायकवाडांचं. ते गाणं ज्यांनी तेव्हा ऐकलं नाही त्यांना त्याचा दणका सांगून कळायचा नाही. रिक्षात पोपट, वडापावच्या गाडीवर पोपट, शाळेच्या सहलीत पोपट, गणपतीच्या मिरवणुकीत वडाळे तलावापर्यंत पोपट. मामानं टपरीवर पाटी लावली होती, 'पोपट संपला, उद्या येईल.' त्या वर्षी पौषात आमच्याकडं शेतावर पोपटी लावली. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडीचे तुकडे, ओवा-मीठ, सगळं भांबुर्डीच्या पाल्यात दडपून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. मडकं उघडलं आणि धाकट्या मावशीनं त्या गाण्याच्या चालीवर शेंगांना हाका मारायला सुरुवात केली. आजोबा उठून गेले. वडिलांनी पंढरी गायली आणि मुलगा पोपट गातो, याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं.

आजीचं मत वेगळं. ती शेंग सोलत म्हणाली, "हलदीला आमी काय गातो ते तुमी बापय ऐकलाव कवा?" बायकांच्या हळदीच्या गाण्यांत व्याही-विहिणींची जी काही धुलाई असते, त्यापुढं तो पोपट अगदीच सोवळा होता, आणि हे घरातल्या सगळ्या बायांना माहीत होतं. पुढं पेपरांतून द्व्यर्थी गाण्यांवर बरंच लिहून आलं. लिहिणारे बहुतेक पुरुष होते आणि त्यांना हळदीच्या आतल्या खोलीत कुणी कधी घेतलं नसणार.

आनंद शिंद्यांचे भाऊ मिलिंद शिंदे. दोघांच्या जोडीच्या कॅसेटी निघायला लागल्या आणि टपरीवर नवाच घोळ. 'कयामत से कयामत तक'चं संगीत देणारे आनंद-मिलिंद म्हणजे चित्रगुप्तांचे मुलगे, ते वेगळे. पण गिऱ्हाईकाला ते कोण समजावणार? मामा सरळ विचारायचा, "हिंदी का मराठी? का हळद?"

पैशांचं कसं होतं, हे मी मामाकडून आणि त्याच्याकडं चहाला बसणाऱ्या वादकांकडून ऐकलं. नावाजलेल्या चार-सहा जणांचं सोडा. तालुक्याच्या गायकाला कंपनी एकरकमी पैसे द्यायची आणि कागदावर सही घ्यायची. कॅसेट पाच हजार खपली काय आणि पाच लाख खपली काय, त्याच्या हातात तेच. गीतकाराची अवस्था त्याहून वाईट, ढोलकीवाल्याची तर नोंदच नाही. मग गायक रेकॉर्डिंगला का जायचा? तर कव्हरवर फोटो यायचा. तो फोटो बघून सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचं बोलावणं, यायची. गावदेवीचा उत्सव, सत्यनारायण, बारसं, हळद, पुढाऱ्याचा वाढदिवस. संसार चालायचा तो या सुपाऱ्यांवर. कॅसेट म्हणजे जाहिरात होती, आणि तीही गायकानं स्वतःच्या गळ्यानं केलेली. काही जण तर उलटे पैसे भरून कॅसेट काढायचे. एका गायकानं त्यासाठी बायकोच्या पाटल्या मोडल्या होत्या. त्याचं नाव इथं नको, त्याची नातवंडं आता माझ्या ओळखीची आहेत.

पुढं २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीचा हक्क पक्का झाला, गायकांनाही वाटा सांगता यायला लागला, आणि २०१३ मध्ये गायकांच्या हक्कांसाठी संस्थाही उभी राहिली. चांगलं झालं. फक्त तोवर ज्यांनी गायलं होतं त्यातले बरेच जण सह्या करून वर गेले होते.

हळद एवढी मोठी कशी झाली याचंही एक कारण आहे, आणि ते गाण्याच्या बाहेरचं आहे. १९७० मध्ये सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायच्या ठरल्या. जासईचे दि. बा. पाटील लढायला उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये १६ आणि १७ तारखेला उरण पट्ट्यात मोर्चावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यातून पुढं साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. आजोबा त्या मोर्चात होते असं ते म्हणायचे, आजी म्हणायची ते गिरणीत होते. काही का असेना, जमीन गेली आणि हातात भूखंड, पैसा आला. शेत नाही, मिठागर नाही, तर मोठेपणा दाखवायचा कुठं? मांडवात. आधी मांडवात चार आळ्या जेवायच्या, आता चार गावं. तांदळाच्या भाकऱ्या थापायला शेजारणींऐवजी कंत्राट आलं. मटणाच्या टोपाबरोबर बेंजो आला, बेंजोमागून ऑर्केस्ट्रा, मग डीजे. भल्याबुऱ्याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. माझं म्हणणं एवढंच, की या पट्ट्यात शे-दोनशे गायक-वादकांची घरं त्या हळदीनं चालवली, आणि ती जमिनीच्या पैशातून आलेली हळद होती.

नव्वदच्या दशकात वेसावकर आणि मंडळींची 'वेसावची पारू' आली तेव्हा आमच्याकडच्या पोरांना पहिल्यांदा वाटलं की अरे, हे तर आपल्यासारखं बोलतात. पूर्वी कोळी गाणं लिहायचं शहरातल्या कवीनं आणि गायचं मोठ्या गायकानं. आता वेसाव्याची, म्हणजे वर्सोव्याचीच माणसं आपलं गाणं आपल्या उच्चारात गात होती. १९९८ मध्ये हार्बरची लोकल पनवेलपर्यंत आली आणि ही गाणी डब्यातल्या भजनी मंडळांनीही उचलली. मग भिवंडीचे संतोष चौधरी, म्हणजे दादूस, गळ्यात सोनं घालून स्टेजवर यायला लागले. २०२१ मध्ये ते 'बिग बॉस मराठी'त गेले तेव्हा आमची धाकटी मावशी रोज रात्री टीव्हीपुढं बसायची. गाणं कमी आणि भांडणं जास्त, यावर ती फार नाराज होती. "माणसाला हळदीला बोलवायचं सोडून कोंडून ठेवलाय," हे तिचं म्हणणं.

२००४ चा उन्हाळा आमच्या घरात आठवणीत आहे. १५ मे रोजी लोककवी वामनदादा कर्डक गेले आणि महिना-सव्वा महिन्यात, २३ जूनला, प्रल्हाद शिंदे. आजी तेव्हा अंथरुणाला खिळली होती. मामानं टपरी गुंडाळून फार वर्षं झाली नव्हती; गिऱ्हाईक सीडीकडं वळलं होतं. त्यानं त्या दिवशी जुना टेप आणून आजीच्या उशाशी पंढरीची बाजू लावली. ती ऐकत होती की झोपली होती ते सांगता येत नाही. बाजू संपल्यावर मात्र म्हणाली, "उलटी कर."

दोन वर्षांनी 'जत्रा' आला. आनंद शिंद्यांनी वैशाली सामंत यांच्याबरोबर गायलेलं 'कोंबडी पळाली' अजय-अतुल यांनी असं बांधलं की हळदीचा ठेका थेट मल्टिप्लेक्सात घुसला. २०१२ मध्ये तीच चाल 'अग्निपथ'मध्ये हिंदी कपडे घालून आली आणि दिल्ली-लखनौच्या लग्नांत वाजली. २०१६ मध्ये 'पोश्टर गर्ल'साठी आनंद आणि त्यांचा मुलगा आदर्श एकत्र गायले. कव्वालीच्या कोरसमधून निघालेलं घराणं, तिसरी पिढी सिनेमात. ज्या अभ्यासकांना घराणं म्हटलं की ग्वाल्हेर-किराणाच आठवतं, त्यांनी एकदा शिंद्यांच्या कल्याणची गाडी पकडायला हरकत नव्हती.

आता पनवेलची पोरं मोबाइलवर गाणं करतात. कर्नाळ्याच्या पायथ्याशी नाहीतर गाढी नदीच्या पुलावर चित्रीकरण, यूट्यूबवर गाणं, लाखांनी बघणारे. माझा एक भाचा असाच गातो. त्याला विचारलं, पैसे किती मिळतात? तो हसला. यूट्यूबचे पैसे कॅमेरावाल्याला आणि एडिटिंगवाल्यालाच पुरत नाहीत. पण गाणं चाललं की हळदीची सुपारी येते, आणि लग्नसराईचे चार महिने निघतात. सन २००० च्या नियमानं रात्री दहानंतर कर्णे बंद करावे लागतात, त्यामुळं तो संध्याकाळी सहालाच उभा राहतो. पन्नास वर्षांत कंपन्या बदलल्या, यंत्रं बदलली, पैसे येण्याचा दरवाजा तोच राहिला.

आजीचं गाव आता नाही. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याचा डोंगर कापला, ओवळे, कोंबडभुजे, तरघर अशा गावांची घरं उठून वडघर-करंजाड्याकडं गेली, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं. मामा त्या दिवशी गच्चीवर जाऊन बघत होता. त्याच्या माळ्यावर अजून कॅसेटींचं खोकं आहे, आणि त्यात एक कोरी म्हणून विकत घेतलेली, वर 'आई, हळद' असं पेननं लिहिलेली. गेल्या पावसाळ्यात काढून बघितली, तर फितीवर पांढरी बुरशी. पनवेलच्या एका साउंडवाल्या पोरानं दोन संध्याकाळ घालवून ती साफ केली आणि संगणकावर उतरवून दिली. चाळीस मिनिटं आजी आहे. मध्येच कुणीतरी भाकऱ्या कुठं ठेवल्या म्हणून विचारतं, एक पोर रडतं, आणि आजी गाणं न थांबवता ठेक्यातच त्याला गप्प करते. झेलणाऱ्या दोघी कोण, ते मामाला आठवलं. ती नावं आम्ही लगेच लिहून ठेवली.

तुमच्याही माळ्यावर असं खोकं असेल तर ते भंगारवाल्याला देऊ नका. मोठ्या कंपन्यांची गाणी कुठं ना कुठं मिळतील. पण तालुक्यातल्या गायकाची, दोन-चार हजार छापलेली कॅसेट दुसरीकडं नसते. फीत कोरड्या जागी ठेवा, पावसाळा संपला की उतरवून घ्या, आणि आतला कागद मुळीच फेकू नका. गीतकाराचं, ढोलकीवाल्याचं आणि कोरसच्या बायकांचं नाव छापलेलं असतं ते तेवढ्या एकाच कागदावर.